पाचच मिनिटं

खाडीवरच्या टेकडीच्या अर्ध्या वाटेतच हरेश्वरकाकांनी दगडावर बसकण मारली. "गुडघे संपले बघा. तुम्ही व्हा पुढे, मी उतरतो खाली."

उपनगरातल्या लोकांना तीस वर्षं दर रविवारी त्यांनीच या वाटेने वर नेलं होतं. कोणी धापा टाकत "किती राहिलं?" विचारलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं, "आलंच, पाच मिनिटं!" दमलेल्याला खरं सांगितलं तर तो उठत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक.

त्यांच्याच हाताखाली शिकलेली शर्मिला आता सगळ्यांना नेत होती. ती मागे फिरली, पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली.

"किती राहिलं गं?" या वाटेवर पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून निघालं.

"आलंच काका, पाच मिनिटं."

पाऊण तासाची चढण बाकी होती. तिथला दगडन् दगड त्यांना पाठ होता.

"मग चल," म्हणत त्यांनी उठायला हात पुढे केला.