वाऱ्यातला टाका

धक्क्यावर उतरायच्या लोखंडी फळीची बिजागरी सकाळी तडकली, तेव्हापासून बोट माणसांना घेऊन पाण्यातच उभी होती. बोटवाल्याने वेल्डरला बोलावलं. तो आला मुलीला घेऊन.

मुलीने गाडीतून वेल्डिंगचं नवं गॅसचं मशीन उतरवलं. ते तिनेच हट्टाने घेतलं होतं. का, याबद्दल तिने ताकास तूर लागू दिली नव्हती. पण बापाला कळायचं ते कळलं होतं. त्याचा उजवा हात अलीकडे थरथरायचा. या मशीनच्या नळीतून तार आपसूक पुढे येते, हाताला अंतर फारसं जपावं लागत नाही. बाप त्याला शिवणयंत्र म्हणायचा आणि चुकूनही हात लावायचा नाही.

वारा चांगलाच सुटला होता. मुलीने बिजागरीवर वेल्डिंगचा टाका घातला आणि तोंडावरची काच वर केली. टाक्याची पार चाळण झाली होती. वितळत्या लोखंडाला हवेपासून जपणारा गॅस वाऱ्याने उडवून नेला होता. तिने ताडपत्रीचा आडोसा करून पाहिला, तर ताडपत्रीच हातात राहीना.

"रॉड काढ," बाप म्हणाला.

रॉडला वेगळा गॅस लागत नाही. त्याच्यावरचा लेप जळतो आणि त्याचा धूरच टाक्याला पांघरूण घालतो. बापाने गुडघा टेकला, रॉड पकडायचा होल्डर धरला. ठिणगी पडली आणि रॉड लोखंडाला चिकटला. झटका देऊन त्याने तो सोडवला. पुन्हा चिकटला. मग त्याने डाव्या हाताने उजवं मनगट आवळून धरलं. तरीही तेच. बोटीतून कुणीतरी विचारलं, अजून किती वेळ लागेल म्हणून.

मुलगी जागची हलली नाही. तिने होल्डर मागितला असता, तर बापाने दिला नसता. आणि मागितल्यावर मुकाट्याने दिला असता, तर ते तिला सोसलं नसतं.

बाप आपणहून उठला. होल्डर तिच्या हातात देऊन वाऱ्याच्या बाजूला, तिच्या पाठीशी उभा राहिला.

"जवळ ने. अजून. घाई नको," एवढंच तो म्हणाला. पुढे सांगण्यासारखं काही उरलं नाही. कढईत तळण पडावं तसा एकसारखा आवाज येत राहिला.

तिने हातोडीने वरचं काळं कवच झाडलं. खाली टाका सलग बसला होता. फळी खाली आली. माणसं सामानसुमान सांभाळत तिच्यावरून उतरून गेली. पायाखाली कुणी पाहिलं नाही.

सामान गाडीत चढवताना मुलगी म्हणाली की मशीन घ्यायची आपणच घाई केली, दुकानदार घेत असेल तर परत देऊन टाकू.

बापाने केबल गुंडाळून गाडीत ठेवली.

"परत कशाला?" तो म्हणाला. "बाहेरची कामं आता तुझी. आपल्या शेडमध्ये कुठे वारा असतो? ती नळी कशी धरायची, ते मला उद्या दाखव."