वगळण्याचं कारण

“ही टेस्टसुद्धा वगळा,” साहेब तिच्या खांद्यावरून स्क्रीनकडे बोट दाखवत म्हणाले.

टीममध्ये सगळे तिला आजीबाई म्हणत. वय एक्केचाळीस, पण तिथे सगळ्यांत जुनी तीच. दवाखान्यात सलाइनमधून औषध सोडणाऱ्या पंपाचं सॉफ्टवेअर ही मंडळी बनवत. ते बाहेर पाठवण्याआधी चार हजार टेस्ट आपोआप चालायच्या; सगळ्या चालवल्या तर सहा तास. या वेळी बदल झाला होता तो फक्त पंपाच्या स्क्रीनवरच्या अक्षरांत. म्हणून त्याच्याशी संबंध नसलेल्या टेस्ट तिने सकाळपासून निवडून निवडून बाजूला काढल्या होत्या. गाडी अडली होती एकाच टेस्टवर. दोन किलोच्या आतल्या बाळाला औषध किती जातंय, ते तपासणारी. त्या एका टेस्टलाच चाळीस मिनिटं लागत.

“त्या कोडला तीन वर्षांत कुणी हात लावलेला नाही, आजीबाई.”

“नाही लावला असं आपण धरून चाललोय. टेस्ट धरून चालत नाही.”

“दवाखान्याची माणसं फोनवर ताटकळलीत.”

“ताटकळू देत.”

“मी सांगतोय ना, वगळा.”

टेस्ट वगळायची तर कारण लिहावं लागे आणि खाली नाव. तिने कीबोर्ड पुढे ओढला, कारणाच्या चौकटीत ‘साहेबांना घाई आहे’ असं टाइप केलं आणि खुर्ची मागे सरकवली.

“नाव तुम्ही घाला.”

आजूबाजूची टकटक थांबली. साहेबांचे कान लाल झाले.

“कारण बदला.”

“दुसरं खरं कारण सांगा. लगेच बदलते.”

साहेब फोन कानाला लावून व्हरांड्यात गेले. तिने ते वाक्य पुसलं, टेस्ट सुरू केली.

चाळीस मिनिटांनी हिरवी खूण उमटली. सगळं ठीक होतं. साहेब येऊन मागे उभे राहिले.

“झालं समाधान? चाळीस मिनिटं पाण्यात गेली.”

“गेली,” ती मान न वळवता म्हणाली. “पुढच्या खेपेलाही जातील.”