इर्जिकीचं बोलावणं

“यंदा माझ्या वावरात इर्जिक नको, तात्या.”

साळूबाई बोलून गेली आणि तिचं तिलाच नवल वाटलं. पुंजाराम तात्या गावातून चांगले दीड कोस चालून तिच्या वस्तीवर आले होते. परवा सगळं गाव तुझी ज्वारी काढायला येतंय, एवढंच सांगायचं होतं त्यांना. ते पाण्याचा तांब्या हातात धरून तसेच उभे राहिले.

मागं तीन एकर ज्वारी उभी होती, कणसं टचटचीत भरलेली. एकट्या बाईनं काढायची म्हटली तर निम्मी पाखरंच खातील. नवरा गेल्यापासून, दुष्काळाचं साल सोडलं तर, दर सुगीला गावानंच तिचं पीक काढून दिलं होतं. घरटी एक माणूस, मजुरी नाही, दुपारची भाकरी तेवढी वावराच्या धन्याची. इर्जिकीची रीतच ती. आज तुझ्याकडं, उद्या माझ्याकडं.

साळूबाईच्या वाट्याला ते ‘उद्या’ काही आलं नव्हतं.

वस्तीवर ती एकटी. बोलायला एक गाय, तीही मुलखाची आडमुठी. सुगी आली की साळूबाईचे कान गावाकडं लागत. वाऱ्यावर हलगी ऐकू आली की वाटे, आज भिमाजीच्या मळ्यात इर्जिक बसली असणार, नाहीतर मच्छिंद्राच्या. बाया ओळीनं ज्वारी उपटत असतील, एकमेकींच्या सासवांचा उद्धार करत असतील. आणि आपण इथं. एके काळी ज्वारी काढायला तिच्या बरोबरीनं उभं राहायची कुणाची टाप नव्हती. आता ती गावाच्या लेखी बिचारी झाली होती, आणि बिचारीला कामाला कोण बोलावणार? या विचारानं तिला जेवण जात नसे.

वर्षातला एकच दिवस तिचा. त्या दिवशी भिमाजी आणि मच्छिंद्र, गावातली दोन वजनदार माणसं, तिच्या बांधावर मांडीला मांडी लावून जेवत. ठेच्याची वाटी इकडून तिकडं जाई. भाकरी वाढताना साळूबाईला वाटे, गाव किती गुण्यागोविंदानं नांदतंय, आणि आपणच तेवढ्या त्यातून बाहेर.

“का गं? आमचं काय चुकलं?” तात्यांनी विचारलं.

“चुकलं न्हाई. पर तुमी समदे माझ्याकडं येता आन् मला कुनी बोलवत न्हाई. माझे हात काय मोडल्यात? भिमाजीकडं म्हना, मच्छिंद्राकडं म्हना, येकदा मला बी बोलवा. तवर माझी ज्वारी वावरात झडली तरी चालंल.”

तिनं पदराला डोळे पुसले.

तात्या ओट्यावर टेकले. घरातलं भांडण परक्याला सांगावं लागल्यासारखी त्यांनी मान खाली घातली.

“कुठं बोलवू तुला, साळूबाई? पंचायतीच्या विलेक्शनपासनं गाव दोन जागी फाटलंय. भिमाजी आन् मच्छिंद्र येकमेकाच्या घरच्या मयतीला बी जात न्हाईत. गावात दुसऱ्या कुनाकडं इर्जिक बसून चार वर्सं झाली.”

“आन् ती हलगी?”

“लग्नाची असंल.”

बांधावर मांडीला मांडी लावून बसणारी ती दोन माणसं साळूबाईच्या डोळ्यांपुढून हलेनात.

“तुझं नाव घेतलं म्हंजी मातर दोन्ही अंगाची मान्सं गुमान निघत्यात,” तात्या म्हणाले. “आता तूच नको म्हनलीस, तर गावानं भेटायचं कुठं?”