चिमूटभर काळी पूड

शिंक आली तेव्हा भाचीच्या एका हातात बाटली होती, दुसऱ्यात झाकण. पूड उडाली ती थेट बेसिनमध्ये, आणि नळ चालूच होता. मामांची सगळी मेहनत तिच्या डोळ्यांदेखत वाहून गेली.

ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच्या षट्कोनांचं न संपणारं कापड. त्याचा नमुना म्हणून मामा प्रयोगशाळेत मोजक्या षट्कोनांचा तुकडा बनवत होते, कडेनं हायड्रोजनचे टाके घातलेला. एवढा मोठा रेणू म्हणजे चेष्टा नव्हे. आधीच्या पायऱ्या भाची करायची, शेवटची मात्र मामा स्वतः, दार लावून. आजवर त्या बाटलीला त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. आज म्हणाले, "तूच नमुना काढ गं, मी बाहेर पाहुण्यांपाशी बसतो."

आणि तिनं हे दिवे लावले! बाहेर परीक्षक बाई येऊन बसलेल्या. त्यांचा होकार आला तरच मामांची प्रयोगशाळा चालू राहणार होती.

तिला दरदरून घाम फुटला. आईच्या माघारी ज्यांनी पोटच्या पोरीसारखं वाढवलं, त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार? तिनं शिसपेन्सिल उचलली, टोक तासलं, खलात घोटून बाटलीत भरलं. रंग तोच, चकाकीही तीच. स्वतःच्या काळ्या बोटांकडे तिला बघवेना.

बाईंनी नमुना यंत्रात ठेवला. पडद्यावरचा आलेख त्यांनी दोनदा तपासला.

"सर, यात तुमचा रेणू नाही. नुसतं ग्रॅफाइट आहे, आणि थोडी चिकणमाती."

मामांचा चेहरा पांढराफटक पडला. धरणीनं पोटात घ्यावं असं भाचीला झालं.

"मॅडम, मामांचा यात काही दोष नाही. खरी पूड माझ्या हातून सांडली. ही शिसपेन्सिलीची आहे, मीच भरली."

मामांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "ऐकलंत ना? घरच्याच पोरीनं केसानं गळा कापला. खरा नमुना गेला हो!"

तिनं मान खाली घातली. ही बोलणी आपण खायलाच हवीत, असं तिला वाटलं.

बाईंनी यंत्र बंद केलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. मग मामांकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "मागच्या महिन्यात तुम्ही मला टपालानं पाठवलेल्या बाटलीतही शिसपेन्सिलच निघाली होती, सर. ती कुणी भरली?"