वाळवंटातला पाम

दुबईत आमच्या दारासमोर पामची रांगच होती, पण शैलेंद्रने कधी मान वर करून पाहिलं नाही. कॅनडात मार्कहॅमला आलो, बाहेर उणे एकवीस झालं आणि साहेबांना लिव्हिंग रूममध्ये वाळवंट हवंसं वाटायला लागलं.

आता कोपऱ्यात एक पाम आहे. त्याला वेगळा हीटर, वेगळा दिवा आणि मातीत खोचलेला सेन्सर. पाणी जरा जास्त झालं की शैलेंद्रच्या फोनवर अलार्म वाजतो. "अगं, वाळवंटातलं झाड आहे ते, मुळं कुजतात," हे मला आठवड्यातून दोनदा ऐकवलं जातं.

आज दुपारी चैतूचा ताप एकशे तीनवर गेला. आमची वर्षभराची पोर, औषध देऊनही ताप उतरेना. क्लिनिकवाल्यांनी लगेच घेऊन या म्हणून सांगितलं, पण गाडी शैलेंद्रकडे. त्याने फोन उचलला नाही, म्हणून तीन मेसेज केले. पहिल्यावर अंगठा आला. दुसऱ्यावर, "इन अ मीटिंग, उल्का. तू उगाच पॅनिक होतेस." तिसऱ्यावर काहीच नाही.

चैतूच्या कपाळावरची पट्टी बदलली. मग उठले, कुंडीतला सेन्सर उपटला आणि पट्ट्यांच्या पाण्याच्या वाटीत बुडवला.

मिनिटभरात त्याचा फोन आला, "पामला एवढं पाणी कोणी घातलं? मीटिंग सोडून निघालोय, वीस मिनिटांत पोचतो!"