आठवा बाण

जैनाबादच्या शाळेच्या व्हरांड्यात बसून रितेशने प्रश्न जेमतेम वाचला आणि उत्तर लिहून कागद प्रतिभाबाईंपुढे सरकवला. प्रश्न असा होता: ‘तुझ्या मित्रांपैकी कोणाचा शब्द तुला मोडवत नाही?’ उत्तर एका शब्दाचे होते. ललित.

केळीच्या मळ्यांतून पाण्याच्या मोटारींची केबल कापून आतले तांबे विकण्याच्या प्रकरणात चौदा वर्षांचा ललित एकटाच पकडला गेला होता. त्याच्याबरोबर उठणाऱ्या-बसणाऱ्या आठ मुलांविषयी पोलिसांजवळ संशयापलीकडे काही नव्हते. हा मुलगा संगतीने बिघडला, की संगत त्याने बिघडवली, एवढेच बाल न्याय मंडळाला हवे होते. आणि ते सांगण्याचे काम बुऱ्हाणपूरच्या महाविद्यालयात बावीस वर्षे समाजशास्त्र शिकवणाऱ्या प्रतिभाबाईंकडे आले होते.

सात मुलांनी गेल्या आठवड्यात कागद भरले होते. बाईंनी नऊ वर्तुळे काढून उत्तरांप्रमाणे बाण ओढले, तेव्हा सातही बाण ललितच्या वर्तुळात शिरले. इतकी स्वच्छ आकृती त्यांना आजवर मिळाली नव्हती. ‘प्रभावाचे केंद्र एकच असून त्यास गटापासून दीर्घकाळ दूर ठेवणे इष्ट’ हे वाक्य त्यांनी लिहूनही टाकले होते. राहिला होता तो रितेश; त्या दिवशी तो मामाकडे गेला होता. एक उत्तर नसल्याने निष्कर्ष बदलणार नव्हता, तरी अपुरा अहवाल देणे त्यांच्या स्वभावात नव्हते. म्हणून अहवाल पिशवीत घालून त्या सकाळीच तापी ओलांडून आल्या होत्या.

आता फक्त पडताळणीचा प्रश्न उरला. ललितने सांगितलेले आणि तू ऐकलेले असे शेवटचे काय, असे त्यांनी विचारले.

रितेश बराच वेळ आठवत राहिला. मग त्याला हसू आले.

“ललितचं कोण ऐकतं, मॅडम? सगळ्यात छोटा तो. त्याले तर आम्ही सायकली सांभाळायले उभा करत होतो.”

“मग त्याचं नाव का लिहिलंस?”

“तो तर आतच आहे ना. आता अजून त्याचं काय बिगडेल? बाहेरच्याचं नाव लिहिलं तर त्याच्या घरी पोलीस येतील.”

हे सर्वांनी मिळून नदीवर ठरवले होते, असेही त्याने सांगून टाकले. कागद पोलिसांकडे जाणार नाहीत, हे बाईंनी मुलांना दोनदा बजावले होते. मुलांनी ते दोन्ही वेळा मान हलवून ऐकून घेतले होते.

उत्तर देणाऱ्याच्या मनावर आपला भार पडू द्यायचा नाही, हा नियम प्रतिभाबाई दर वर्षी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहीत. त्यांनी पिशवीतला अहवाल चाचपला. मंडळाची बैठक उद्या होती.

“रितेश,” त्या म्हणाल्या, “ललितनं घरी यायचं की तिकडेच राहायचं, हे उद्या ठरणार आहे. ते ठरवणारे माझा अहवाल वाचतील, आणि तो मी तुमच्या या उत्तरांवरून लिहिलाय.”

रितेशच्या चेहऱ्यावरचे हसू गेले.

“म्हणजे आमच्यानं तो अटकला?”

त्याने कागद पुन्हा आपल्याकडे ओढला. ललितचे नाव खोडले. एकदा खोडून समाधान झाले नाही, म्हणून अक्षर दिसेनासे होईपर्यंत खोडले. मग पेन तसेच धरून बसला.

“खुदचं नाव चालेल का, मॅडम? मीच म्हटलं होतं त्याले, चल म्हणून.”

चालेल की नाही, हे त्या प्रश्नावलीत कुठेच लिहिलेले नव्हते. बाईंनी होकारार्थी मान हलवली. त्याने सावकाश, शाळेतल्यासारखे आडनावासकट नाव लिहिले आणि उठून तो फाटकाबाहेर गेला.

बाहेर, फाटकासमोरच्या लहान पुलाच्या कठड्यावर बाकीचे सात जण त्याची वाट पाहत बसले होते. तो काय बोलला, ते व्हरांड्यापर्यंत ऐकू आले नाही. एकाने त्याची कॉलर धरली आणि मग सोडली. प्रतिभाबाईंनी अहवाल बाहेर काढला, ते वाक्य पुन्हा एकदा वाचले आणि त्या पानाला मधोमध घडी घातली.

फाटक वाजले. सातही जण पायरीशी येऊन उभे होते. सर्वांत पुढे मोहित होता. कॉलर धरणारा तोच. मान वर न करता त्याने विचारले,

“मॅडम, पेन एकच आहे का?”