कुर्तुमेच्या पोरी

“कुर्तुमे क्लबच्या शंभर वर्षांत आज पहिल्यांदाच बायकांचे पाय या गवताला लागताहेत!” अध्यक्ष ब्राउनर माइकवर म्हणाला आणि स्टँडमध्ये टाळ्या सुरू झाल्या.

पुढच्या रांगेत बसलेल्या झुल्मिराने टाळी वाजवली नाही. ती उठली.

“खोटं!”

पंचाहत्तरीची बाई, पण सगळं आयुष्य बाजारात मासळी विकण्यात गेलेलं. मैदानाच्या मधोमध उभ्या असलेल्या पोरींपर्यंत तिचा आवाज माइकशिवाय पोचला. त्यांच्यात तिची नात ताइसा होती, दंडाला कॅप्टनचा पट्टा बांधून.

ब्राउनर हसला. “झुल्मिराबाईंना वाइन जरा बेतानं द्या रे! केक अजून कापायचाय.”

लोकही हसले. झुल्मिरा पुढे कठड्यापाशी आली.

“मी खेळलेय या गवतावर. बासष्ट साली. लेफ्ट विंगला. नेइवा गोलमध्ये होती. गावच्या टॅनरीत कातडी घासणाऱ्या पोरी होतो आम्ही सगळ्या. पुरात लोकांची घरं गेली होती, त्यांच्या मदतीसाठी सामना ठेवला होता. क्लबनंच आम्हाला शर्ट दिले, क्लबनंच तिकिटं खपवली. मग पोरींच्या मांड्या दिसतात म्हणून पेपरात बोंबाबोंब झाली, आणि क्लबला एकदम कायदा आठवला. बायकांनी फुटबॉल खेळायचा नाही, असा कायदाच होता तेव्हा. मध्यंतरात सेक्रेटरीनं पोलीस आणले. कोण होता सेक्रेटरी? सांग की, ब्राउनर. तुझा बाप!”

हसणं थांबलं.

“झुल्मिराबाई, आज आनंदाचा दिवस आहे,” ब्राउनर म्हणाला. “आणि क्लबच्या कागदांत असं कुठंही काही...”

“कसं असेल? कागद तुझा बापच लिहायचा ना!”

तिने कठडा दोन्ही हातांनी धरला.

“क्लबचे शर्ट क्लबला परत करा, म्हणाला. तिथं, त्या फाटकापाशी, पोलिसांसमोर. आम्ही काढले. आतल्या कपड्यांवर चालत गेलो घरी. दोन्ही बाजूंना आपलेच लोक उभे, कुर्तुमेचे. शिट्ट्या मारत होते. एकानंही अंगावरचा कोट काढून दिला नाही. नेइवाला तर बापानं घरातच घेतलं नाही.”

ब्राउनरने माइक बंद केला आणि गवत तुडवत तो ताइसाजवळ गेला.

“तुझ्या आजीला आवर,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “नाहीतर हा पट्टा दुसरीच्या दंडावर जाईल. आत्ताच्या आत्ता.”

ताइसा धावत कठड्यापाशी आली. तिचा चेहरा रागाने लालबुंद झाला होता. आजीवर की आणखी कुणावर, ते तिचं तिलाही कळत नव्हतं.

“मला कधी बोलली नाहीस तू हे.”

“कुणालाच नाही बोलले.”

“डाव्या पायानं मारायला शिकवलंस, तेव्हा म्हणालीस तुला तुझ्या मामानं शिकवलं होतं.”

“मामाला साधा चेंडू अडवता येत नव्हता.”

“मग लपवलंस कशाला, आजी?”

“लाज वाटायची.” झुल्मिराचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “इतकी वर्षं. वाटायला हवी होती यांना, आणि मरत राहिले मी.”

ताइसाने कठड्यावरचे तिचे हात एकदा घट्ट दाबले. मग ती वळली, दंडावरचा पट्टा ओढून काढला आणि ब्राउनरच्या हातात कोंबला.

“द्या कुणाला द्यायचाय त्याला.”

ब्राउनरने पट्टा दुसऱ्या एका पोरीपुढे धरला. तिने हात पाठीमागे नेले. तिसरीने तर त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो तसाच पट्टा घेऊन मैदानाच्या कडेला परत आला आणि सामना सुरू करायची त्याने रेफरीला खूण केली.

शिट्टी वाजली. ताइसा चेंडूपाशी उभी होती. ती खाली बसली. तिच्या मागे एकेक पोरगी बसत गेली. समोरचा संघ शेजारच्या गावाचा. कुर्तुमेवाल्यांच्या अंगाला कातड्याचा वास येतो म्हणून पिढ्यान्पिढ्या नाक धरणारं ते गाव. त्या पोरी एकमेकींकडे बघू लागल्या. मग त्यांच्या कॅप्टननेही बसकण मारली.

रेफरीने पुन्हा शिट्टी वाजवली. चेंडू हलला नाही.

लाकडी स्टँडवर कुणीतरी पाय आपटला. मग शेजारच्याने. मग सगळा स्टँड धडधडायला लागला. “बोल, ब्राउनर! बोल!”

ब्राउनरला काय बोलायचं ते ठाऊक होतं. त्याच्या बापाने हा किस्सा घरी जेवताना कितीदा तरी सांगितला होता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. तोही हसला होता.

त्याने माइक सुरू केला, तोंडाशी नेला, खाली घेतला, पुन्हा वर नेला. पाय आपटायचे थांबले.

“बासष्ट साली,” तो कसाबसा पुटपुटला, “या मैदानावर...”

“मोठ्यानं!” कठड्यापाशी उभी असलेली झुल्मिरा ओरडली. “पलीकडच्या स्टँडला ऐकू जात नाही.”